सतराने भागताना

क्लेमेंटी, सिंगापूर
२ फेब्रुवारी २०२५

ती. आईस शि. सा. न.

फोनवर सांगितलं तर मध्येच जेवलीस का विचारशील, म्हणून लिहून पाठवते. विद्यापीठातलं माझं संशोधनाचं काम जूनमध्ये संपतंय. शिकवण्याच्या कायम जागेसाठी मार्चमध्ये प्राध्यापकांसमोर नमुन्याचा तास घ्यायचाय. नाही जमलं तर इथे राहण्याचा पास संपेल आणि परतावं लागेल. पण जमेल.

विषय आहे अनंत दशांश. तू दहावीनंतर गणित सोडलंस, म्हणून आधी तुलाच शिकवते. कागदावर एकला सतराने भाग. कॅल्क्युलेटर नको, त्याच्या पडद्यावर मावतात तेवढ्या आकड्यांत काही कळत नाही. दर वेळी उरणाऱ्या बाकीकडे लक्ष ठेव.

रागावलीस तरी माया तेवढीच असू दे.
तुझी,
निहारिका

कराड
१६ फेब्रुवारी २०२५

चि. निहारिकास अनेक आशीर्वाद.

भाजी करपली, पण भागाकार पुरा केला! बाकी सतरापेक्षा लहानच उरणार आणि शून्य काही येईना. म्हणजे एक ते सोळा एवढ्याच बाक्या. कधीतरी जुनीच बाकी परत येणार, आणि तिच्यामागून तेच आकडे. शेवटी सुरुवातीचाच एक उरला तेव्हा एकटीच हसले.

पण मग कधीच आवर्तन न होणारा दशांश येतो कुठून? शेजारच्या नीताला विचारलं. ती म्हणाली की वर्तुळाच्या गणितातला पाय (π) तसाच असतो, पण का ते तिलाही सांगता येईना. तासाला कुणी हेच विचारलं तर? तयारी ठेव. परतायला घर आहेच, पण तो विचार मनात घेऊन फळ्यासमोर उभी राहू नकोस.

जेवणाची आबाळ करू नकोस, म्हणजे मी निश्चिंत.
तुझी आई

क्लेमेंटी
३० मार्च २०२५

ती. आईस शि. सा. न.

तास तुझ्याच प्रश्नाने सुरू केला. पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की दशांश एकतर संपतो, नाहीतर त्याचं आवर्तन होतं. ज्याच्या बाबतीत दोन्ही होत नाही, तो अशा भागाकारातून येतच नाही. त्याला अपूर्णांकात लिहिताच येत नाही. मग ०.१०१००१०००१… असं लिहीत गेले. सर्वांत ज्येष्ठ प्राध्यापकांनी अडवलं, की यात तर सरळ नियम दिसतो, मग हा आवर्ती कसा नाही? मी म्हटलं, नियम आहे, आवर्तन नाही. शून्यांची रांग दर वेळी लांबते, त्यामुळे एकच गट तसाच पुन्हा पुन्हा येऊ शकत नाही. त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. तास संपल्यावर मी हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, जाऊन दोन प्लेट नूडल्स संपवल्या.

काल कळलं. जागा मिळाली, आई!

आनंदात वाटेकरी तूच.
तुझी,
निहारिका

कराड
१३ एप्रिल २०२५

चि. निहारिकास अनेक आशीर्वाद.

तू आता तिकडेच राहणार हे वाचून रडले, खोटं कशाला सांगू. मग तोंड धुतलं, चांगली साडी नेसले आणि पासपोर्टसाठी फोटो काढून आले. ऑगस्टमध्ये तुझा पहिला तास मागे बसून ऐकणार आहे. इंग्रजी नाही कळलं, तरी फळा वाचता येईल मला.

भेटेपर्यंत खुशाल राहा.
तुझी आई