मामाच्या गळ्यातलं द्राक्ष

५ मे

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद, आणि या खेपेला त्यासोबत एक विनंती.

परीक्षेच्या तोंडावर तुला त्रास देतोय, पण डॉक्टरकी शिकणारी भाची मला एकच आहे. माझ्या गळ्यावर, हनुवटीखाली अगदी मधोमध, द्राक्षाएवढी गाठ आली आहे. भर उन्हाळ्यात मफलर गुंडाळून स्टेशनवर बसतो. मामीला सांगितलंय, घसा धरलाय.

उभा जन्म त्या काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारल्या. लोक मला तोंडानं ओळखत नाहीत, आवाजानं ओळखतात. तोच गेला तर मागे काय उरलं? परवा शेजाऱ्याला माझी सायकल देऊन टाकली. बिचारा घाबरूनच गेला.

तुझ्या आईला यातलं अक्षरही कळू देऊ नकोस. पहिल्या गाडीनं येईल, आणि ती गाडी मलाच पुकारावी लागेल.

लोभ आहे तोवर पत्र पाठव.
तुझा मामा

११ मे

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

आधी सायकल परत आण.

आता आरशासमोर उभा राहा, मफलर काढ आणि जीभ जेवढी बाहेर येईल तेवढी काढ. नजर गाठीवर ठेव. ती वर सरकते का, ते बघ.

थट्टा नाही करत. आईच्या पोटात बाळ तिळाएवढं असतं, तेव्हा त्याला मान नसतेच. हनुवटी छातीला चिकटलेली. तेव्हा थायरॉइडची ग्रंथी जिभेच्या मुळाशी जन्मते आणि मान घडत जाते तशी हळूहळू खाली उतरून आपल्या जागी येऊन बसते. तिच्यामागे वाट बुजते. कुणाकुणाची थोडी उघडी राहते आणि कितीतरी वर्षांनी तिथे पाणी साठून गाठ होते. तिचा धागा वर जिभेपाशी बांधलेला, म्हणून जिभेबरोबर हलते. याच धड्यावर तोंडी परीक्षेत माझी दांडी उडाली होती, त्यामुळे आता झोपेतही पाठ आहे.

पण मी अजून अर्धीकच्ची डॉक्टर. हलो वा न हलो, मामीला सांग आणि खऱ्या डॉक्टरांकडे जा.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी खारूताई

२० मे

चि. खारूताईस,
मामीचे आशीर्वाद. मला आधी का कळवलं नाहीस, हे भांडण भेटीत करू.

सकाळी बघते तर तुझे मामा आरशासमोर हातभर जीभ काढून उभे! आरशात मी मागे दिसत होते, मला वाटलं मलाच वेडावतायत. मी फणकाऱ्यानं निघून गेले, तर मागून धावत आले, हलते हलते म्हणून ओरडत. मग सगळं सांगितलं. मी आधी रडले, मग गाठ हलताना पाहून हसू आवरेना.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. तू म्हणालीस तेच निघालं. ऑपरेशन करा म्हणाले. गाठीबरोबर जिभेखालच्या हाडाचा मधला तुकडाही काढायचा, नाहीतर पुन्हा उद्भवते. हाड म्हटल्याबरोबर तुझे मामा खुर्चीतून उठले ते थेट घरी. म्हणतात, गाठ राहू दे, आवाज राहू दे. माझं ऐकत नाहीत. तू बघ.

तुझी मामी

२७ मे

ती. मामास,
शि. सा. न., आणि थोडा दमही.

तुझ्यासाठी आमच्या कॉलेजातल्या बाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, स्वरतंतू त्या हाडाच्या खाली असतात, आवाजाला धक्का लागण्याची भीती फार थोडी. मुळीच नाही असं मात्र त्यांनी म्हटलं नाही, म्हणून मीही म्हणत नाही. पण गाठ तशीच ठेवली आणि पिकली, तर ऑपरेशन अवघड होतं.

भीती वाटते ना, मलाही वाटते. सुट्टी लागली की येते. ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत तुझा हात धरून चालेन. आईला सांगितलंय, ओरडली नाही, बॅग भरायला लागली.

तुझीच

२ जुलै

चि. खारूताईस,
आशीर्वाद, खणखणीत आवाजात.

ऑपरेशन आटोपून तू गेलीस, त्यानंतर अहवाल आला, गाठ अगदी साधी निघाली. घरी मला बोलायची बंदी होती, तेव्हा मामी दोघांच्या वाटणीचं बोलली.

काल कामावर गेलो. माझ्या जागी बुकिंगचा कारकून पुकारत होता. खुर्चीत बसलो, बटण दाबलं, आणि पहिला शब्द खरखरीत निघाला. पण दुसरा शब्द माझा होता, तिसराही माझाच. त्या आनंदात दोन नंबरवरची गाडी मी चार नंबरवर पुकारली. झालं! अख्खं स्टेशन पूल चढून पळालं. चूक सुधारली तसं सगळं परत पळत आलं. गाडी थांबवून ठेवली म्हणून निभावलं.

स्टेशनमास्तर तणतणत वर आले. त्यांच्या मागोमाग धापा टाकत एक म्हातारी. म्हटलं, आता हिच्याही शिव्या खायच्या. पण ती काचेतून माझ्याकडे बघत राहिली आणि मास्तरांना म्हणाली, की यांना काही बोलू नका. महिनाभर तो दुसरा पुकारायचा तेव्हा मी प्रत्येक वेळी खिडकीवर जाऊन विचारायची, आज आवाज ऐकला आणि न विचारता धावले.

मी मान फिरवून पाणी प्यायलो. गाडी तेवढी आणखी थांबली.

असाच लोभ असू दे, आणि तो धडा दुसऱ्या कुणाला सांगायची वेळ आली, तर मामाचं उदाहरण बिनधास्त दे.
तुझा मामा