सत्कार संपल्यावरची टेप

नल्लकुंटा,
६ ऑगस्ट २००२

ती. बाबांस,

नमस्कार लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिला. मी ठीक आहे. तुमचं कळवायची तसदी घेऊ नका.

इथल्या मराठी मंडळाच्या लायब्ररीतल्या व्हिडिओ कॅसेटी सीडीवर उतरवून त्यांची यादी करायचं काम एकनाथरावांनी मला दिलं. पोरगं भटकं आहे, टिकायचं नाही, असं तुम्ही त्यांना सांगितलंत म्हणे. टिकलो. जागेवर बसत नाही, ते मात्र खरं. कॅसेट जेवढी लांब, तेवढाच वेळ उतरवायला लागतो. मी लावून देतो आणि इराण्याकडं चहाला जातो. परवा तर विद्यानगरपर्यंत गेलो, दोस्ताची नवी गाडी बघायला. काय पळते! असो.

तेव्हा तुमच्या सत्काराची कॅसेट लागली होती. भाषण संपलं की बंद कर, पुढं काही नाही, असं तुम्ही फोनवर बजावलं होतं. परत आलो तर मशीन चालूच. पडद्यावर तुम्ही नव्हता. आई होती.

गणपतीतलं नाटक. आई वाक्य विसरली, हसली, म्हणाली, "थांबा ना, परत म्हणते." तिथंच टेप संपली.

आई गेली तेव्हा धाकटी त्रिवेणी पाळण्यात होती. आईचा आवाज कसा होता, हे ती अजून मला विचारते. तुम्ही आम्हाला सांगितलंत, तिचं रेकॉर्डिंग कधी झालंच नाही.

कॅसेट काढून बघितली. वरून कुणी दुसरं भरू नये म्हणून कडेचा प्लास्टिकचा तुकडा मोडतात, तो मोडलेला. त्या खाचेवर चिकटपट्टी लावली की मात्र भरता येतं. पट्टी होती. तुमच्या ऑफिसची, खाकी. माझी फाटकी पुस्तकं तुम्ही तिनंच चिकटवायचा.

एकनाथरावांना विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "हौ, साहेबांनीच लावली. कोरी कॅसेट आणायला माणूस पाठवतो म्हटलं, तर नक्को म्हणाले."

रविवारी मंडळात सगळ्यांसमोर तुमचा सत्कार दाखवायचाय. काल परत फोन करून तुम्ही शेवट कापायला सांगितलंत. कापला नाही. यादीत लिहिलंय: 'भामाबाईंचं नाटक, उरलेलं.' त्याखाली: 'वरून भरलेला सत्कार, हिम्मतराव.' एकनाथरावांनी खाली सही केली.

त्रिवेणी सिकंदराबादहून येतेय. पहिल्या रांगेत बसवणार आहे तिला, तुमच्या शेजारी. भाषण संपल्यावर उठू नका.

भामाचा,
युवराज