फुआतिनो जिथे अडली

४ सप्टेंबर, सोमवार

झडप गळते आहे. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं, मी मान डोलावली. फुआतिनोच्या हृदयाची झडप — अकरा वर्षांच्या पोरीची! ऑक्टोबरात राजधानीत, आपियाला, परदेशी सर्जन येणार आहेत. तेव्हा छाती उघडतील. डॉक्टर हे इतकं सहज म्हणाले, जणू नारळ फोडायचाय.

मे महिन्यात तिची सुई चुकली. हृदय आणखी बिघडू नये म्हणून दर चार आठवड्यांनी नर्स येऊन टोचते, ती. मावशीच्या मयताला पलीकडच्या गावी गेलो होतो. पुढच्या आठवड्यात घेऊ म्हटलं, आणि राहिलंच. हे कुणालाही सांगितलेलं नाही.

६ सप्टेंबर

संध्याकाळी सहाला शंख वाजला. सगळं गाव घरात, प्रार्थनेला. मी नुसते ओठ हलवले.

१० सप्टेंबर, रविवार

चर्चबाहेर पाळकीणबाईंनी हात धरला. "आकेनेसे, दुःखानंच श्रद्धा पक्की होते बाई." यांची चारही पोरं धडधाकट. मी "होय" म्हटलं.

घरी येऊन तारोचा कंद असा सोलला की निम्मा सालीबरोबर गेला. सासूबाई म्हणाल्या, "त्या तारोनं तुझं काय घोडं मारलंय?"

१७ सप्टेंबर

पांढऱ्या रविवारची वचनं वाटली. त्या दिवशी मुलांचं राज्य — पांढरे कपडे, चर्चमध्ये वचनं तीच म्हणणार, जेवायलाही तीच आधी बसणार, आम्ही वाढणार. फुआतिनोला धाप लागते म्हणून पाळकीणबाईंनी सगळ्यात छोटं वचन दिलं. हिनं परत केलं.

"हे तर बारकी पोरं म्हणतात. मला पौलाचं द्या."

पौलाचं म्हणजे नेमकं तेच. दुःखातून धीर, धीरातून कस, कसातून आशा. एवढ्या जाड बायबलात दुसरं काही सापडलं नाही कार्टीला!

२८ सप्टेंबर

रोज दुपारी तिचं पाठांतर घेते. दर पायरीला ती थांबून श्वास घेते. ते ऐकवत नाही. मग म्हणते, "आता तू म्हण, आई." मी कसापर्यंत येते आणि खोकते. घशात काहीतरी गेलं म्हणते. रोज.

तो शेवटचा शब्द माझ्याच्यानं म्हणवत नाही. म्हटला आणि देवानं ऐकला तर? म्हणेल — हो का? सुई चुकवणाऱ्या बाईला हेही पाहिजे? मला आजाराची भीती वाटते, आणि देवाची त्याहून जास्त. आज पहिल्यांदाच लिहिलं हे.

३ ऑक्टोबर

तिच्या बाबांचा न्यूझीलंडहून फोन. द्राक्षमळ्यातून सुट्टी मिळत नाही. "रडतेयस?" "नाही, सर्दी झालीय." "मलाही," म्हणाले.

५ ऑक्टोबर

ही वही चटयांच्या खाली ठेवते. आज वर सापडली. सासूबाईंनी झाडताना हलवली असणार. त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही, हे बरं.

८ ऑक्टोबर, पांढरा रविवार

फुआतिनो उभी राहिली. दुःख — श्वास. धीर — श्वास. कस — आणि थांबली.

मला वाटलं, पडते आता. अर्धी उठले. पण ती सरळ माझ्याकडे बघत होती. आमच्याकडे मूल अडलं की आईनं बाकावरून शब्द पुरवायचा. सगळं चर्च वळून बघायला लागलं. सासूबाईंनी कोपर मारलं, "अगं, सांग ना तिला!"

मी पुटपुटले. पोरीनं कानामागे हात धरला, ऐकू आलं नाही म्हणून. मागे कुणीतरी हसलं.

मग मोठ्यानं म्हटलं. "आशा." आवाज चिरकला. काहीही झालं नाही. वर पंखे फिरत होते. तिनं तो शब्द माझ्यामागून म्हटला आणि खाली बसली.

दुपारी तिला वाढलं. कोंबडी दोनदा घेतली. सहाला शंख वाजला तेव्हा ओठांबरोबर आवाजही निघाला. देवाला सुईचं सांगून टाकलं, सगळ्यांसमोर. सासूबाईंनी डोळे उघडले, माझा हात धरला आणि पुन्हा मिटले. भीती गेलेली नाही. पण आता त्या भीतीबरोबर मी एकटी नाही.

१० ऑक्टोबर

बोटीनं आपियाला. समुद्र खवळलेला. उलट्या मला, पाठ चोळायला ती.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

आठला आत नेलं. आता अकरा. दार बंदच.

काहीतरी लिहावं म्हणून वही उघडली. अठ्ठावीस सप्टेंबरच्या पानाच्या तळाशी पेन्सिलीनं, तिची तिरकी अक्षरं —

"मला शब्द पाठ होता. तुझ्याकडून म्हणवून घ्यायचा होता. मी आत असेन तेव्हा म्हणत राहा. मोठ्यानं. नाहीतर ऐकू येत नाही."

बाकावरच्या बाया माझ्याकडे बघतायत. मी म्हणते आहे.