खाडीच्या बागेत तुझी बहीण

आई, परवा तुझ्या माहेरी जाऊन आले. तू गेल्यावर इतक्या वर्षांनी, आणि तेही तिकीट काढून. तुमच्या खाडीत आता निसर्ग उद्यान झालंय. कांदळाच्या झाडांमधून लाकडी पूल काढलाय, होड्या आहेत, पक्ष्यांची चित्रं लावलेले फलक आहेत, आणि रविवारी घाट उतरून आलेल्या कोल्हापूरच्या गाड्यांना उभं राहायला जागा नसते.

मला मंगळवार पेठेतलं आपलं स्वयंपाकघर आठवलं. तुझ्या धाकट्या बहिणीनं कुणाच्या तरी हाती एसटीतून खाडीतल्या शिंपल्यांतली कालवं पाठवली होती आणि तू ती कांद्यावर परतत होतीस. आजी दारात येते, नाकाला पदर लावते, सांडशीनं कढई उचलून गटारीत ओतते. "चिखलातली घाण माझ्या घरात न्हाय चालायची. खाडीत काय माणसं ऱ्हात्यात व्हय?" तू रिकामी कढई घासायला घेतलीस. दुसऱ्या दिवशी मी शाळेत माझं आजोळ खाडीवर आहे असं सांगून आले, तेव्हा मात्र माझ्या कानाखाली वाजवलीस. "कोल्हापूरची आहे म्हणून सांगायचं. एवढंच." तुझ्या माहेरचं माणूस आपल्या उंबऱ्यात कधी आलं नाही आणि तू मला तिकडे कधी नेलं नाहीस.

यावेळी गाडी आजीच्याच नातवाची होती, माझ्या चुलतभावाची. "लई भारी जागा हाय म्हणं," असं म्हणत तो बायकापोरांना घेऊन निघाला होता. तुझं माहेर ते हेच, हे त्याला ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही.

उद्यानानं गावाचं भलं केलंय, ते नाकारून चालणार नाही. रस्ता पक्का झालाय, घराघरात पाहुण्यांसाठी खोल्या निघाल्यात, आणि मुंबईत हॉटेलात कपबशा धुणारा तुझा भाचा गावी परतून तिथला रखवालदार झालाय. तुझी हनुवटी त्याच्या तोंडावर बघून मी त्याला ओळखलं.

आम्ही पुलावर होतो. खाली गुडघाभर चिखलात एक म्हातारी कोयतीनं कांदळाच्या मुळांवरची कालवं सोडवत होती. तुझी बहीण. तू शेवटची आजारी असताना ती दवाखान्यात येऊन गेली होती, तेवढीच माझी ओळख. भाच्यानं शिट्टी मारली.

"आते, भायर ये. हय येवक बंदी आसा."

"तुका कडयेर घेवन ह्याच चिखलात उतरलंय मी."

"साहेब बघतत. माझी नोकरी जातली."

तो खाली उतरला. तिची कोयती काढून घेतली, कालवं परत पाण्यात फेकली. ती टोपली सोडेना. त्यानं हिसका दिला तशी ती चिखलात बसली, पार कमरेपर्यंत. पुलावरची माणसं हसली. माझा चुलतभाऊ कठड्यावरून वाकून ओरडला, "ओ पावणं, म्हातारीला जरा इकडं तोंड करायला सांगा की! फोटू नीट आला न्हाय." आणि तुझ्या भाच्यानं तिला खांद्याला धरून खरंच आमच्याकडे वळवलं.

संध्याकाळी मी एकटीच तिच्या घरी गेले. ती पडवीत पाय धूत बसली होती. म्हणाली, उद्यानाच्या साहेबांनी उद्यापासून काम दिलंय. रोज नऊवारी नेसून फाटकाशी बसायचं आणि कालवं कशी फोडतात ते पाहुण्यांना दाखवायचं.

"कालवं कुठली?"

"बाजारातली. बर्फातली." ती पाय घासत राहिली. मग विचारलं, "तुझी आवस कधी आमची आठवण काढी?"

"रोज," मी म्हणाले.

"खोट्या फटी मारू नको," असं म्हणून ती आत गेली. पुन्हा बाहेर आली नाही.

हे सगळं लिहिलंय ते कुठं पाठवायचं नाही. तू असतीस तरी पाठवलं नसतं, कारण शेवटचं तुला ऐकवलं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्कामाच्या खोलीत सगळे झोपलेले असताना मी परत त्या पुलावर गेले. भरती आली होती, निम्मी कांदळं पाण्यात, फांद्यांवर बगळे. चपला न काढता, पायाला चिखल न लागता मी तुझी खाडी पाहिली. मला ती बाग फार आवडली, आई. पुढच्या महिन्यासाठी तिथं खोली सांगून आलेय. मावशीच्या घरापासून लांबची.