सात वाजताची खूण

मंगळवार, ३ जून

आलो एकदाचा! बोट धक्क्याला लागायच्या आधीच तिरिल दिसली. पिवळा रेनकोट, वाऱ्यावर उडणारे केस आणि काखेत शालीत गुंडाळलेला मोन्स, एवढा मोठा करडा बोका. जानेवारीत तिने मला सोडलं, मार्चमध्ये मी कॉलेज सोडलं आणि आता जूनमध्ये तिनेच मला बोलावून घेतलंय. याचा अर्थ ज्याला जो लावायचा तो लावू दे. मी माझ्या सोयीचा लावला आहे.

काम सरळ आहे. तिरिल समुद्रपक्षी मोजणाऱ्या बोटीवर पार उत्तरेला चालली आहे, अठरा दिवस. तिकडे फोन लागत नाही. एकवीस तारखेच्या शनिवारी परत. तोवर घर आणि मोन्स माझ्याकडे. घर तिच्या आत्याचं, बोर्गहिल्डचं. आत्या अडतीस वर्षं या बेटाची नर्स होती, फेब्रुवारीत गेली. ती गेल्यावर मोन्स भांडंच्या भांडं पाणी प्यायला लागला, खाऊनखाऊन हडकला, आणि मेअखेरीस पलीकडच्या गावातल्या डॉक्टरणीने सांगितलं, मधुमेह.

तिरिलने सगळं नीट शिकवलं. इन्सुलिनची बाटली हलवायची नाही, तळहातांत घोळवायची. आधी खाऊ घालायचं. मग मानेमागची कातडी चिमटीत उचलायची आणि सुई आत. दोन युनिट, सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला. मला चिमूट जमेना तेव्हा तिने माझ्या हातावर आपला हात धरला. मोन्सला काही कळलंसुद्धा नाही. मला कळलं.

फ्रिजवर आत्याच्या वेळचा छापील तक्ता लावलाय. वर रुग्णाचं नाव, खाली तारखा, प्रत्येक तारखेपुढे दोन चौकटी. दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. बेटावरच्या मधुमेहवाल्यांना आत्या याच तक्त्यांवर सांभाळायची, कोऱ्यांचा गठ्ठा अजून खणात आहे. तिरिलने नावाच्या जागी 'मोन्स' लिहिलंय. सुई दिली की खूण करायची. खूण असली तर हात लावायचा नाही. शंका आली तरी नाही. एक वेळ चुकली तर बोका मरत नाही, दोनदा दिली तर मरू शकतो. हे तिने तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा म्हणाली, सोन्द्रे, आत्याचं जिवंत असं एवढंच उरलंय माझ्याकडे. तू डोकं फिरवून घेतोस, पण विसरत काही नाहीस, म्हणून तुला बोलावलं.

ही स्तुतीच होती, नाही का?

गुरुवार, ५ जून

चार सुया दिल्या, चारही बरोबर. आता कान टोचून रक्ताचा थेंब घेतो, यंत्रावर आकडा बघतो. काल एकवीस, आज सोळा. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, छान चाललंय, दहाच्या आसपास आला की समाधान माना आणि चारच्या खाली गेला तर हिरड्यांना मध चोळा, मला विचारत बसू नका. मधाची बाटली ओट्यावरच ठेवली आहे.

इतक्या उत्तरेला जूनमध्ये सूर्य मावळत नाही. झोपायच्या खोलीच्या पडद्याला चिमटे लावले तरी फटीतून ऊन येतंच.

शेजारी हाल्वदान म्हातारा ताजा मासा घेऊन आला आणि स्वतःच कॉफी ओतून घेऊन बसला. मला म्हणाला, काय प्रोफेसर, पुस्तकं सोडून मांजराचे डॉक्टर झालात? मी म्हटलं, आजोबा, मांजर निदान परीक्षा घेत नाही. म्हातारा दात नसलेलं तोंड उघडून हसला. मग आत्याच्या गोष्टी. म्हणे बोर्गहिल्डची सुई कधी कुणाला चुकली नाही. याचा मधुमेहवाला भाऊ, आता हयात नाही, सुईला भ्यायचा, एकदा होडीच्या शेडमध्ये जाळ्यांखाली लपून बसला. ती तिथे गेली, जाळं उचललं आणि विजारीवरूनच टोचून आली. जाताना म्हणाली, तक्त्यावर तुझं नाव आहे बाबा, तू कुठे आहेस ते मी विचारलेलं नाही.

भिंतीवरचं घड्याळ बंद आहे, सातला. आत्या गेली त्या घडीला हाल्वदाननेच थांबवलं, आमच्याकडे थांबवतातच. दफन झाल्यावर परत चालू करायचं असतं. तिरिलला ते काही जमलं नाही. मी सरळ चावी द्यायला उठलो, तर म्हातारा म्हणाला, राहू दे पोरा, घरचं माणूस करेल.

मीही घरचाच होणार आहे, हे मनात म्हणालो.

रविवार, ८ जून

सकाळी सातला पाच कमी असताना स्वयंपाकघरात आलो. बाटली काढली, तक्त्याकडे बघितलं. आजच्या सकाळच्या चौकटीत खूण होती.

मी केलेली नाही. माझी खूण वाकडी असते, ही ठसठशीत होती आणि खाली एक टिंब.

तिरिलचं वाक्य आठवून बाटली ठेवून दिली. मग दुपारभर तडफडलो. दिलीच नसेल कुणी तर? तीनला कान टोचला. आठ. म्हणजे सुई दिलेली होती.

तडक हाल्वदानकडे गेलो. म्हटलं, न विचारता घरात येता, वर बोक्याला सुया टोचता? तो जाळं विणत होता, मान वर न करता म्हणाला की माझे हात बघ, यांना सुई धरता येते का? दोन्ही हात सांध्यांनी वाकडे झालेले. तरी मी बोलायचं ते बोललो. भावाला मारलंत तसं मोन्सला मारू नका, असंही बोलून बसलो. ते कुठून तोंडात आलं कोण जाणे. म्हातारा उठून आत गेला आणि दार लावलं. या बेटावर दार लावत नाहीत.

मंगळवार, १० जून

संध्याकाळ, सकाळ, संध्याकाळ. दर वेळी माझ्याआधी खूण. खाली टिंब.

घराला किल्लीच नाही. काल दाराला टेबल लावलं, खिडक्यांना खिळे मारले, बाटली खिशात घालून स्वयंपाकघरातच खुर्चीवर बसलो. डोळा लागला तो जेमतेम पाच मिनिटं. जागा झालो तर खूण. बाटलीवर पेनने रेघ मारली होती, औषध तिच्या खाली गेलेलं.

मीच झोपेत देतोय का? जूनमध्ये इथे भल्याभल्यांची झोप बिघडते. म्हणून मनगट खुर्चीला बांधून बसलो. गाठ तशीच, खूण नवीन.

खणातले आत्याचे जुने तक्ते काढले. अडतीस वर्षांच्या खुणा. प्रत्येकीखाली टिंब.

गुरुवार, १२ जून

हे लिहायला लाज वाटते, पण मी तिच्यावर सोडून दिलं आहे. काल सकाळी फ्रिजसमोर उभा राहून मोठ्याने म्हणालो, बरं आत्या, तूच दे. तुझा हात माझ्यापेक्षा हलका आहे.

आकडा नऊ. मोन्सच्या अंगावर तकाकी आली. आज तो खिडकीत उडी मारून बसला, मी आल्यापासून पहिल्यांदा. मी त्याला तिरिलबद्दल सांगत बसलो. बोटीवर एंडर नावाचा एक दाढीवाला आहे, पक्षी तो मोजतो आणि ती लिहून घेते. मोन्सने जांभई दिली. त्याचंही एंडरबद्दल मत वाईट आहे.

पुढच्या शनिवारी तिला असा बोका हातात देणार. बस.

शनिवार, १४ जून

सकाळच्या चौकटीत खूण. संध्याकाळच्याही. उद्याच्या दोन्ही. सोमवारच्या सकाळची.

मोन्स ओट्याखाली आडवा, तोंडातून लाळ, पाय सायकल चालवल्यासारखे. आकडा दोन. मध चोळला, परत चोळला, बोट चावलं त्याने, चावू दे. दहा मिनिटांनी मान उचलली.

डॉक्टरीणबाई ओरडल्या. म्हणाल्या, तुम्ही दोघं-दोघं देताय का सुया? घरात आणखी कोण आहे? मी म्हटलं, कोणी नाही. त्या म्हणाल्या, मग एकानेच द्या, आणि फोन ठेवला. चिडून फोन भिंतीवर मारणार होतो. हात खाली घेतला, कारण समोर ते घड्याळ होतं.

सात.

सकाळी सात. दुपारी सात. आत्ता सात. ती गेली तेव्हा सकाळी सातलाही काळोख होता आणि संध्याकाळी सातलाही, आता दिवसभर ऊन आहे. तिला कशावरून कळावं की मागची सुई होऊन तास झाला की बारा? ती चुकत नाही. तिच्या घड्याळात सात वाजलेत.

हाल्वदानची माफी मागायला पळालो. घर बंद. दारावर चिठ्ठी, दुपारच्या बोटीने नातीच्या लग्नाला गेलोय. आसपासची घरं उन्हाळ्यापुरती, अजून उघडलेली नाहीत.

सोमवार, १६ जून

घड्याळाला चावी दिली. सात वाजून दहा मिनिटांपर्यंत गेलं. पाणी प्यायला वळलो. सात.

इन्सुलिन समुद्रात फेकलं, धक्क्यावरून, जेवढ्या लांब जाईल तेवढं. परत आलो तर फ्रिजच्या दारात बाटली. काचेची, जुन्या पद्धतीची, रबरी बूच.

तक्ता चुलीत घातला. जळताना बघितला. फ्रिजवर दुसरा लागलेला. 'रुग्णाचं नाव: मोन्स'. अक्षर तिरिलचं नाही.

दोनदा मध. मधाची बाटली अर्ध्यावर.

मंगळवार, १७ जून

धुकं. धक्का दिसत नाही. मोन्सला शालीत गुंडाळून तीन तास बोटीची वाट बघितली. भोंगा वाजला, दूर, आणि दूरच गेला. आता बोट शनिवारीच, डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या धुक्यात दुसरी कुठली येणार नाही.

मग त्याला घेऊन हाल्वदानच्या होडीच्या शेडमध्ये गेलो. जाळ्यांखाली बसलो दोघं. तो माझ्या कोटात, छातीशी. घुरघुरत होता. मला वाटलं, इथे तरी—

जाळं उचललं गेलं. फक्त एक कोपरा. कोणी नाही. दवाखान्यातल्यासारखा साबणाचा वास. मोन्स दचकला नाही, त्याला कळलंसुद्धा नाही.

आकडा दीड.

गुरुवार, १९ जून

मध संपला. बाटलीत पाणी घालून विसळून तेही पाजलं. आत्याच्या घरात साखरेचा कण नाही. नर्सच ती. मुरंब्याची एक बरणी सापडली, रानबेरींची, आंबट. तीच चोळतोय.

तो आता मान उचलत नाही. डोळे उघडे. माझ्याकडे बघतो आणि मला काही करता येत नाही. मी भांडलो असतो. कुणाशी भांडू? रागावलो असतो. ती वाईट नाही. ती काळजी घेते.

एक खूण पडायच्या आधी तिचा हात अडवायचा म्हणून पेन्सिल मुठीत घट्ट धरून बसलो. मुठीतली पेन्सिल हलली नाही. चौकट भरली.

परवा तिरिल येते. परवा.

शुक्रवार, २० जून

तक्त्यावर नाव आहे. तू कुठे आहेस ते मी विचारलेलं नाही.

ती नावाने चालते. जाळायचं नाही. बदलायचं.

'मोन्स' खोडलं. पेन्सिल टेकवली. एंडर लिहावं असं आलं मनात, खरं सांगतो. अक्षर सुरूही केलं. खोडलं. हाल्वदानचं? नाही. नाव रिकामं ठेवलं तर ती परत मोन्स लिहिते, बघितलंय.

माझं लिहिलं. सोन्द्रे. नीट, सुवाच्य.

दुपार

मोन्स पाणी प्यायला! उभा राहिला. आकडा सात, मग अकरा. मासा खाल्ला, हाताने भरवला. चौकटी रिकाम्या आहेत. कदाचित तिला मी नको असेन. तिरिलसारखं. हसलो एकटाच.

नंतर

मानेमागे चिमटीत धरल्यासारखं झालं. कातडी वर उचलली. दुखलं नाही. हात हलका आहे तिचा.

खूण. टिंब.

पाव खाल्ला सगळा. बटाटे कच्चेच. घाम फार येतो

आणखी एक. आणखी एक.

मुरंब्याची बरणी. तळाशी चमचाभर आहे. मोन्स बघतोय. त्याचा आकडा बारा, त्याला नको. मी चाटली. पुरत नाही

फोन बोटांत राहत नाही. आकडे दोन दोन दिसतात

शनिवार

उजाडलं म्हणायचं का. इथे उजाडलेलंच असतं

धुकं गेलं. भोंगा ऐकू येतो. बोट. जवळ

मोन्स खिडकीत बसलाय. शेपटी हलतेय. त्याला तिचा पिवळा रंग दिसला असणार

उठता येत नाही म्हणून इथेच लिहून ठेवतो तिरिल तू आलीस की आधी त्याला उचल. आधी त्याला. तो बरा आहे. मी विसरलो नाही काही

आणि तक्ता. माझं नाव तसंच राहू दे. तू खोडशील, तुला वाटेल हा काय वेडेपणा, तू मोन्स लिहायला जाशील. लिहू नकोस. घड्याळ आधी, घरचं माणूस तू, तू चावी दे, आणि चालू झालं तरी पेन्सिलीला हात

पायऱ्यांवर बूट वाजतायत. दार उघडलं. ती हाक मारतेय मला. माझं नाव

फ्रिजपाशी थांबली

तिरिल नको ते खोडू