फायबरच्या स्वागताचं भाषण

४ मार्च, सकाळ
या इमारतीतल्या, गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत जन्म काढणाऱ्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो! पलीकडच्या इमारतीत इंटरनेटचं फायबर आलं. समोरच्या रस्त्याखाली आलं. आणि आपण अजून तांब्याच्या जुनाट तारेला लोंबकळतोय. किती दिवस सहन करायचं?
सुरुवात चांगली जमली. कुठे बोलायचं ते बघू.
खरी निकड लेकीला आहे. ती खुणांच्या भाषेची दुभाषी. दवाखान्यात ऐकू न येणारा पेशंट आला की डॉक्टरांचं बोलणं ती घरून व्हिडिओवर हातांनी सांगते. आमच्या लाइनवर तिचे हात मध्येच गोठतात. काल एका बाईंना गोळ्या जेवणाआधी की जेवणानंतर, नेमके तिथे गोठले. नोकरी अजून तात्पुरती. कंपनी म्हणते, मार्चअखेर घरी फायबर घ्या, कायम करतो.
हिला म्हटलं, काळजी करू नकोस, मी आहे ना. ही म्हणाली, अहो, तीच तर काळजी आहे.

७ मार्च
फायबर कंपनीला जळजळीत पत्र लिहायला घेतलं. प्रस्तावना होईपर्यंत लेकीने मोबाइलवरून अर्ज भरलासुद्धा. १८ तारीख मिळाली. पत्र पोचायच्या आधी त्याचा धाक पोचला म्हणायचा.

१२ मार्च
१८ला लेकीला ट्रेनिंगसाठी ऑफिसात जावं लागणार. ही बँकेत. घरी मी. लेक म्हणाली, बाबा, फक्त दार उघडायचं आणि टेबलाजवळचा प्लग दाखवायचा. बास. मी म्हटलं, उसळलेल्या सभा एका हाताने शांत केल्यात मी, एक दार उघडता येणार नाही? ती म्हणाली, दाराबद्दल शंका नाही हो.

१४ मार्च
एवढा ऐतिहासिक क्षण, आणि फायबर मुकाट्याने आत घ्यायचं? स्वागतपर दोन शब्द बोलणार. दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना रेकॉर्डिंगची गळ घातली. त्यांच्याच खुर्चीत बसून. आधी तोंड उघडा म्हणाले, नंतर मिटा म्हणाले, शेवटी हो म्हणाले.
संकल्प: भाषण आटोपशीर.

१८ मार्च, दुपार
सभा आमच्या दारासमोर, जिन्यात. उपस्थिती सुरुवातीला समाधानकारक. मग वरच्या आजी दूध उतू जाईल म्हणून गेल्या. डॉक्टर फोन कठड्यावर टेकवून पेशंटकडे गेले. फायबरवाला मात्र खिळून उभा होता. खांद्यावर केबलचं वेटोळं, हातात ड्रिल. मी दारात. छापखान्यापासून सुरुवात केली. तारायंत्राशी आलो तेव्हा त्याने घड्याळ बघितलं. काळाचं भान असलेला तरुण. टेलिफोनचा शोध लागत होता, तेवढ्यात म्हणाला, काका, पुढच्या घरी वेळ दिलीय, निघतो. आणि निघाला. कपाळ पुसत गेला. भारावला असावा.
समारोप रिकाम्या जिन्यासमोर केला. चांगला झाला.

संध्याकाळ
लेकीने चपला काढायच्या आत विचारलं, बसलं का? मी म्हटलं, तो आलाच नाही.
असं का म्हटलं, माहीत नाही. तोंडातून निसटलं. उद्या दुरुस्त करतो.

१९ मार्च
दुरुस्तीला वेळ मिळाला नाही. लेकीने सकाळीच फायबरवाल्यांकडून नवी तारीख घेतली, ८ एप्रिल. आपल्या कंपनीलाही कळवून टाकलं की माणूस आलाच नाही, मुदत वाढवा. उद्या तिला खरं सांगायचं. नाश्त्यालाच. पक्कं.

२० मार्च
नाश्त्याला ती घाईत होती.

२१ मार्च
ती घाईत नव्हती. मी होतो.

२४ मार्च
इमारतीच्या अंगणात निषेधसभा घेतली. दिलेली वेळ न पाळणाऱ्या, आमच्या लेकींच्या पोटावर पाय देणाऱ्या या बेपर्वा कंपनीला जाब विचारा! फार दिवसांनी अशा टाळ्या मिळाल्या. क्षणभर मलाही वाटलं, खरंच आला नव्हता.
लेक मागे उभी होती. नंतर म्हणाली, बाबा, माझ्यासाठी एवढं कुणी बोललं नव्हतं. जेवताना पोळी बाजूला सारली. हिने विचारलं, घसा बसला का? हो म्हटलं.

३१ मार्च
लेकीच्या कंपनीने परस्पर चौकशी केली. फायबरवाल्यांचं उत्तर आलं: माणूस गेला होता, घरातल्यांनी आत घेतलं नाही. तिच्या मॅडम तिला म्हणाल्या, दुभाष्याने समोरचा बोलला तेवढंच सांगायचं असतं, पदरचं काही घालायचं नाही. तूच असं करायला लागलीस, तर पेशंट कुणाच्या भरवशावर सोडू? १० एप्रिलला दुपारी निर्णय देते म्हणाल्या.
ही भडकली. म्हणाली, किती धादांत खोटं बोलतात मेले! लेकीने शांतपणे विचारलं, बाबा, तुम्ही घरीच होता ना?
मी म्हटलं, मी जिन्यात होतो. शब्दशः खरं.
खरं इतकं लाजिरवाणं कधी वाटलं नव्हतं.

८ एप्रिल
फायबरवाला आला. तोच. हिने रजा घेतलेली, मी बाथरूममध्ये. बादली भरली तरी नळ चालू ठेवला. बाहेर त्याने हिला विचारलेलं ऐकू आलं, काका नाहीत ना घरी? ही म्हणाली, आंघोळीला गेलेत. तो म्हणाला, मग पटकन उरकतो ताई. चहा उकळेपर्यंत झालंसुद्धा. पुढे अख्ख्या इमारतीला जोडून गेला.
बाहेर आलो. हिने टॉवेल पुढे केला. माझे केस कोरडे होते. हिने तो परत दांडीवर टाकला.

९ एप्रिल
दातांच्या डॉक्टरांनी इमारतीच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. इतके दिवस जातच नव्हता म्हणे, फायबर आलं आणि झटक्यात गेला. खाली लिहिलंय, काकांचं ऐतिहासिक भाषण, अजून मीही पाहिलेलं नाही, उशिराबद्दल क्षमस्व.
कुठेही अडकत नाही. चित्र लख्ख. फायबरवाला माझ्या डाव्या बाजूने आत जायला बघतो, मी डावा हात पसरतो. उजव्या बाजूने बघतो, मी उजवा पसरतो. प्लग कुठेय काका, विचारतो. मी बोट आकाशाकडे करतो.
लेकीने सगळा बघितला. आवाज बंद करून. हात वाचायची सवय तिला. शेवटी म्हणाली, बाबा, तुमचे हात केवढे बोलतात. आणि त्यात एक शब्द नाही.
मग खोलीत गेली. दार आपटलं असतं तर बरं झालं असतं. हळूच लावून घेतलं.

१० एप्रिल, सकाळ
मॅडमना फोन करायचं ठरवलं. मुद्दे काढले. संदेशवहनाचा इतिहास. खासगी कंपन्यांची मुजोरी. बापाचं काळीज. लेकीची मेहनत. पान भरलं. वाचून बघितलं. पुन्हा दारातच उभा होतो, हात पसरून.
सगळं खोडलं. उरलं ते एवढंच: तो आला होता, मी अडवला, आणि मुलीला मी खोटं सांगितलं. यात टाळी घ्यायला जागाच नाही.
हिने नंबर लिहून टेबलावर ठेवलाय. शेजारी पाण्याचा ग्लास, व्यासपीठावर ठेवतात तसा. लेकीच्या खोलीचं दार अजून बंद आहे. आत ती हातवारे करत असेल. आता गोठत नसतील.
बंधूंनो आणि भगिनींनो,
नाही. इथे कुणी बंधू नाही, भगिनी नाही. तू एकटाच आहेस.
ऊठ. वही मीट. फोन लाव.