वाढत्या अंगाचा सूट

सोमवार, ३ तारीख

देवाच्या कृपेने सामानासकट पोहोचलो. काही फुटले नाही, सांडले नाही. दोन खोल्या आहेत, खाली सायकलदुरुस्तीचे दुकान. खिडकीतून थेट उड्यांचे मैदान दिसते. धाकटी म्हणाली, आई, आता तुला मालिका बघायला नकोत, खिडकीत बस. आधी कोनाडा पुसून देवाची तसबीर ठेवली, मग शेगडी लावली. मागच्या वर्षीच्या हिशेबाच्या वहीत चाळीस पाने कोरी राहिली होती, टाकवेनात. म्हणून ही रोजनिशी.

कशाला आलो ते लिहून ठेवते. धाकटी चोवीस वर्षांची आहे आणि विमानातून उड्या मारते. दोनशे अकरा झाल्या. ह्यांनी आणि मी पुष्कळ अडवले, पण ऐकले असते तर ती धाकटी कसली. इथे हौशी गिऱ्हाइकाला शिक्षक छातीशी बांधून उडी मारतो आणि तिसरा एकजण त्यांच्या समोर, त्यांच्याच वेगाने पडत चित्रण करतो. ते तिसरे माणूस धाकटीला व्हायचे आहे. तीन आठवडे शिकायचे, शुक्रवारी २१ तारखेला परीक्षा, मग पक्की नोकरी. तोवर तिच्या पोटाकडे बघायला मी. घर स्वच्छ, पाणी गोड, शेजार शांत. आणखी काय हवे?

मंगळवार, ४ तारीख

आज मैदानावरच्या शेडमध्ये जाऊन सूट निवडला. या कामाच्या सूटला बाहीपासून कमरेपर्यंत कापडाचे पंख असतात. हात पसरले की पंखांत वारा भरतो आणि माणूस सावकाश पडतो. कोपर मिटले की झपकन खाली. असे करत गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर राहायचे.

शिकवणाऱ्या गृहस्थांना सगळे काका म्हणतात. माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील, तरी मीही काकाच म्हणते. त्यांनी लहान पंखांचा सूट काढून दिला. नवख्याने मोठे पंख घ्यायचे नसतात, म्हणाले. पण दांडीच्या टोकाला एक करडा सूट लोंबत होता, पंख भले रुंद. किंमत तीच. उडीच्या छत्र्यांच्या, म्हणजे पॅराशूटच्या, घड्या घालणाऱ्या बाई तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, तो कुणी मागवलाही नव्हता आणि परतही कुणी घेईना, कुणाच्याच मापाचा नाही. तेवढ्याच पैशात दीडपट कापड! मी तो हातात घेतला. मुलांचे कपडे आपण वाढत्या अंगाचेच घेतो, आत दुमडून शिवायचे आणि लागेल तसे उसवायचे. धाकटी म्हणाली, आई, मी आता वाढायची राहिलेय का? काका म्हणाले, हा करकोच्याला घाला. घडीवाल्या बाई हसून खाली बसल्या. हसोत.

बाही बोटांच्या पुढे चार बोटे जात होती. धाकटीचे मानेच्या मणक्यापासून मनगटापर्यंत माप घेतले, साडेसत्तावीस इंच, आणि शेडमधल्याच मशीनवर बाहीला दोन व पंखांना तीन दुमडी घातल्या. पंख लहान सुटाएवढे झाले. छत्री उघडायची मूठ पाठीमागे कमरेखाली असते, तिथे हात अडखळत नाही ना ते काकांनी वीसदा करून पाहिले आणि कुरकुरत हो म्हणाले. कापून टाका उरलेले, म्हणत होते. मी कात्री लावू दिली नाही. कापलेले कापड परत जुळत नाही.

घरी सूट देवापुढे ठेवला. म्हटले, बाकी काही मागत नाही, हा हिच्या अंगाला नीट बसू दे.

बुधवार, ५ तारीख

दिवसभर जमिनीवरचा सराव. घरच्या बाकावर पोटावर पडून हात पसर, मिट, मुठीकडे ने. मी घड्याळ लावून मोजत होते. पायाला पेटके आले तरी उठेना. कॅमेरा डोक्यावर असतो आणि फोटोचे बटण तोंडात, दातांनी दाबायचे. त्यामुळे जेवतानाही मी काही विचारले की नुसती दात दाबते. वेड लागेल मला.

शुक्रवार, ७ तारीख

पहिल्या तीन उड्या. चित्रण पाहिले. तिन्हीत गिऱ्हाइकाची नुसती टाळू. एका गृहस्थांना आपले टक्कल आजच समजले, ते रागावून पैसे परत मागू लागले. धाकटी वरच राहते, समपातळीत येतच नाही. काका म्हणाले, कोपर मीट. ती म्हणते, मिटलेच होते. काका म्हणतात, मग चित्रात पंख फुगलेले कसे? दोघेही माझ्याकडे बघतात, जणू मीच वरून ओढून धरली होती.

आता मैदानावर वही घेऊन बसणार. विमानातून सुटल्यापासून छत्री उघडेपर्यंत सगळ्यांना पन्नास सेकंद लागतात. हिला त्रेपन्न.

रविवार, ९ तारीख

आज भांडण. म्हणाली, बाही तोकडी केलीस, मनगटाला काचते. मी मापाने शिवले होते! तरी एक दुमड उसवली. ह्यांचा फोन आला. म्हणाले, तुझ्या हातची शिवण म्हणजे एकदा झबले, एकदा तंबू. ह्यांना तिकडे बसून विनोद सुचतात.

सोमवार, १० तारीख

पुन्हा तोकडी. बहुतेक कापड आटले, गार पाण्यात खळबळले होते तेवढ्याने. काका म्हणाले, हे कापड आटत नसते. मग काय बाही रुसली?

आज अठ्ठावन्न सेकंद. काकांनी तिच्या कमरेला तीन किलो शिशाचा पट्टा बांधला, खाली यावी म्हणून. उपयोग शून्य. टाळू, टाळू, टाळू. ताटातले अर्धे टाकून उठली. अन्न टाकलेले मला खपत नाही, बोलले, तर म्हणे पोट भरलेय, वर खूप हवा खाल्ली. पोट कशाने भरले देवाला ठाऊक.

बुधवार, १२ तारीख

शेवटी सूट बाजूला ठेवून पोरीचेच माप घेतले. तीस इंच.

तीनदा घेतले. तीस.

टेप जुनी आहे म्हणून ताणली असेल म्हटले. पण ताणलेली टेप माप कमी दाखवते, जास्त नाही. खालच्या दुकानातली लोखंडी टेप मागून आणली. तीस.

तिचा रोजचा सदरा घालून पाहायला सांगितला. कफ मनगटाच्या तीन बोटे वर. ती हसायला लागली. म्हणाली, बघ, तुझेच खरे झाले, वाढत्या अंगाचे घेतलेस ते बरे केलेस.

मला हसू आले नाही.

शुक्रवार, १४ तारीख

सगळ्या दुमडी उसवल्या. सूट आता अंगावर शिवल्यासारखा बसतो, कुठे सुरकुती नाही. देवापुढे मागितले होते तेच झाले. मग मी देवासमोर बसले की माझी मान खाली का जाते?

सहा किलो शिसे बांधून एकाहत्तर सेकंद. चित्रणात गिऱ्हाईक पाखराएवढे. काकांचा आवाज बसला ओरडून. त्यांना वाटते ती मुद्दाम करते. हिला वाटते काकांना शिकवता येत नाही. मला वाटते दोघांच्या कानाखाली एकेक द्यावी आणि घरी जावे. रात्रीची पोळी तिने पुन्हा टाकली.

शनिवार, १५ तारीख

काकांनी करडा सूट काढून घेतला आणि पहिला लहानातला घाल म्हणाले. धाकटीने हात घातले. बाही कोपरापाशीच संपली. शेडमध्ये कुणी हसले नाही. काकांनी स्वतः टेप लावली, आकडा पाहिला, टेप गुंडाळून खिशात ठेवली आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितले, बाई, हिला डॉक्टरकडे न्या, उडी बंद.

डॉक्टर म्हणाले, काही घरांत हात लांबच असतात. आमच्या घरात? वजन नऊ किलोने कमी. हाडांचा फोटो काढला तर कडा तेवढ्या दिसल्या, आतले सगळे कोरे. म्हणाले यंत्र बिघडलेय, मंगळवारी या.

ती दवाखान्याच्या बाकावर बसली होती. हात मांडीवर ठेवायला गेली तर बोटे जमिनीला लागली. मी माझी शाल टाकली वरून.

सोमवार, १७ तारीख

दार लावून घेतले आहे. ती खिडकीत असते. म्हणते, आई, खाली सगळेच अवघड आहे, दार अरुंद, चमचा लहान, काका ओरडतात, तू रडतेस. वर काहीच अडत नाही. वर मी थांबू शकते. मी विचारले, थांबू शकतेस म्हणजे? तिने दात दाबले.

मुठीकडे हात न्यायला विसरते म्हणाली. विसरते! हात लांब राहतो म्हणाली.

मला एवढेच हवे आहे की ती जमिनीवर राहावी. नोकरी नको, परीक्षा नको. फक्त जमिनीवर.

मंगळवार, १८ तारीख

डॉक्टरकडे गेलो नाही. जिन्यातून निघेना ती. हात अडतात.

काकांकडून करडा सूट मागून आणला. कात्री घेतली. जे पहिल्या दिवशी करायचे ते आज केले. पंख कापले, बाह्या कापल्या, चिंध्या केल्या. कापताना देवाला म्हटले, दिलेस ते परत घे, माझे चुकले, मला मापाचे मागता आले नाही.

धाकटी बघत होती. मला वाटले ओरडेल. ती म्हणाली, आई, काप खुशाल, मला आता लागत नाही तो.

बुधवार, १९ तारीख

सकाळी छप्पन्न इंच. संध्याकाळी टेप पुरली नाही.

ह्यांना फोन केला. नीट सांगता येईना. हे म्हणाले, तू आधी झोप काढ. मी फोन ठेवला. झोप म्हणे.

तिच्या कमरेचा पट्टा पलंगाला बांधला. शिशाचा. सहा किलोचा.
पलंग हलतो.

गुरुवार, २० तारीख

आज जेवली नाही. मी भरवायला गेले. तोंड उघडले नाही, नुसते दात दाबत होती — टक, टक, टक — आणि बघत होती माझ्याकडे, वरून. उभी नव्हती. बसलेलीच होती. तरी वरून —

काकांना उद्या दुपारी यायला सांगितले आहे. घडीवाल्या बाईंनाही. तिघांनी धरले तर —

शुक्रवार, २१ तारीख

पलंग उलटा. खिडकी सताड.

मैदानावर धावत आले. वही हातातच राहिली. घडीवाल्या बाई म्हणाल्या, सकाळच्या विमानात छत्री लावून, हात आत मिटून, वर मोठा कोट पांघरून मागच्या बाकावर बसली, वैमानिकाला वाटले परीक्षेला आलीय. काकांना ठाऊकच नव्हते. विमान गेलेय वर. मी नेहमीच्या जागी बसले आहे. काय करू? मोजते.

१०.५२ विमान डोक्यावर. गिऱ्हाईक आणि शिक्षक सुटले. मागून ती. माझी आहे, मला कळते.

१०.५३ त्यांची छत्री उघडली. तिची नाही. काका बिनतारीवर ओरडताहेत, मूठ ओढ, मूठ ओढ.

१०.५५ काहीतरी पडले, धावपट्टीच्या कडेला. मी गेले. तिच्या पाठीवरची छत्री, घडीसकट, न उघडलेली. पट्टे फाटलेले. आतून.

ती नव्हती. देवा, ती त्यात नव्हती.

११.१० वर आहे. ठिपका. पडत नाही. फिरते.

११.३० विमान उतरले. गिऱ्हाईक घरी गेले. सगळे माना वर करून उभे. मी हाका मारते, इथून काय ऐकू जाणार. तरी मारते. खाली ये, बाळा. रागावणार नाही. जेवू नको. नुसती खाली ये.

११.४१ ऐकले! हलली. सरळ इकडे. मी पदर हलवला. येतेय, खाली येतेय, देवा तुझे उपकार —

११.४४ हात पसरलेत. दोन्ही स्पष्ट दिसतात. बोटेसुद्धा मोजता येतात. आता शेडच्या वर असेल. आता हाक ऐकू —

११.४६ काकांनी दुर्बीण डोळ्यांवरून काढली. सगळ्यांना शेडमध्ये पळा म्हणताहेत. मलाही. मी का पळू? माझी लेक येतेय. म्हणाले, बाई, ती अजून ढगांच्या वर आहे.

ढगांच्या वर कशी? बोटे दिसतात मला —

११.४७ काकांनी दंड ओढला, मी सोडवून घेतला. ढग आले मध्ये. तिच्या छातीशी. हात ढगांच्या दोन्हीकडून बाहेर. अजून खूप वर आहे ती. आणि मैदान सगळे सावलीत, सायकलचे दुकान, आमची खिडकी, पलीकडचा रस्ता — येतेय — अजून येतेच आहे — बाळा, हळू, आई इथे खाली आहे, तुला दिसते का मी, एवढीशी —